मोऱ्याच्या गाळात

भाऊच्या धक्क्यावर टॅक्सी येतात, हातगाड्या येतात, बर्फाचे टेम्पो येतात. व्हिक्टोरिया कधी येत नाही. त्या शनिवारी आली. काळं हूड, दोन्ही बाजूंना पितळी दिवे, आणि घोडा मासळीच्या पाण्यातून पाय जपत टाकतोय. टोपल्या घेऊन निघालेल्या बायका जागच्या जागी थांबल्या.

"अगो बाय! कुनाचं लगीन हाय?" एकीनं विचारलं.

अजून ठरायचंय, मी मनात म्हटलं.

आतून मोतीराम भोईर उतरला. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीची पँट, केसांना तेल. त्यानं हात देऊन आईला उतरवलं. तिच्या दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. गाडीवाल्याला त्यानं असा काही निरोप दिला, की जणू गाडी घरचीच.

मी लाँचच्या फळीपाशी उभी होते. अनोळखी असल्यासारखी.

"व्हिक्टोरिया कशाला?" तो शेजारून जाताना मी ओठ न हलवता विचारलं.

"आईची हौस. आणि बसनं आलो असतो तर आमचा ड्रायव्हर धक्का येईपर्यंत हॉर्न वाजवत आला असता," तो तसाच, ओठ न हलवता म्हणाला.

आता हे सांगायलाच हवं, की आमची ओळख होती. १९७९ सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची, फोर्टात एका ऑफिसात टायपिस्ट. रोज सकाळी मोरा बंदरावरून लाँच पकडायची, तासाभरानं भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि धावत जाऊन डबलडेकर गाठायची. त्या बसवर खालच्या मजल्याचा कंडक्टर हा. एकदा मी धावत असताना बस सुटली. यानं मला पाहिलं आणि दोरी ओढून एक घंटी दिली. बसमध्ये सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. बस थांबली. ड्रायव्हरनं पुढून शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवसापासून हा फुटबोर्डवर उभा राहून विचारायचा, "मोऱ्याची लाँच लागली का? मोऱ्याची मंडळी आली का सगळी?" आणि आम्ही चढल्याशिवाय डबल द्यायचा नाही. वर्षभर हे चाललं. त्यापलीकडे बोललो असू, तर देवाशपथ दहा वाक्यं. पण मला नवरा हाच हवा होता, हे पक्कं होतं. तेवढी मी धीट होते. मावशीच्या कानात घातलं, मावशीनं ते स्वतःचं म्हणून बाबांच्या कानात घातलं. मुलगा आमच्यासारखाच आगरी, पनवेलकडचा, नोकरी कायम. नाही म्हणायला जागाच नव्हती.

पण बाबांनी जागा काढली. माझे बाबा, हसुराम घरत, लाँचचे सारंग. चाकावर बावीस वर्षं. ते म्हणाले, "जमिनीवर कोन पन नीट वागतो. आधी माझ्या लाँचवर बसून येऊ दे. पान्यावर मानूस कसा हाय ते बघतो. मग घरात पाटावर बसवा."

म्हणजे सगळं त्या एका फेरीवर होतं. बंदरावर उतरल्यावर बाबांनी मान हलवली तर हो, नाही तर पेढे परत.

"तू पन त्याच फेरीला ये," बाबांनी मला बजावलं होतं. "पन लांब बस."

मी लांब बसले. म्हणजे दोन बाकं सोडून.

लाँच बाराला सुटली. मोतीरामची आई सुरुवातीला समुद्राला नमस्कार करून बसली आणि पंधरा मिनिटांत डोळे मिटून बसली. मोतीराम मात्र बघत सुटला. त्याला सगळ्याची चौकशी. हे काय, ते काय, टायर कशाला बांधलेत. वर डोळ्यासमोरून एक दोरी जात होती. बाबांच्या चाकापासून निघून, छताखालून, बाकांच्या डोक्यावरून थेट मागं इंजिनापर्यंत. तिच्याकडे त्यानं ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

ती घंटीची दोरी. आमच्या जुन्या लाँचवर सारंग वर आणि इंजिन खाली. खालच्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही. ना पाणी, ना धक्का, ना दुसरी लाँच. त्याच्या कानाजवळ पितळेची घंटी टांगलेली. तो फक्त घंटी ऐकतो आणि सांगितलं ते करतो. एक म्हणजे पुढं. दोन म्हणजे मागं. तीन म्हणजे बंद. हे मला शाळेत जायच्या आधी येत होतं. गोमाकाकांनी शिकवलं होतं.

गोमाकाका इंजिनवाले. बाबांबरोबर पहिल्या दिवसापासून. मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारे. पूर्वी प्यायचे, खूप प्यायचे. एकदा धक्क्याला लाँच आपटली तेव्हा मालकाच्या मुनीमानं तंबी दिली, की आता एक चूक झाली तर घरी बसायचं. बाबा मध्ये पडले, जामीन राहिले. काकांनी बाबांच्या पायावर हात ठेवून दारू सोडली. त्याला चार वर्षं झाली होती, थेंबसुद्धा नाही.

मोरा दिसायला लागलं तेव्हा ओहोटी लागली होती. आमच्या बंदराला गाळ फार. पाणी उतरलं की मधली चिंचोळी वाट तेवढी खोल राहते, दोन्ही बाजूंना नुसता चिखल. पाणी पुरतं उतरायच्या आत धक्का गाठायचा, हीच सारंगाची कसोटी. तरीही बाबांनी तीन घंट्या दिल्या आणि लाँच थांबवली. कारण पलीकडच्या पाड्यावरच्या मासळीवाल्या होडीतून येत होत्या. बाजाराच्या दिवशी होडीला लगेच दुसऱ्या खेपेला परतता यावं म्हणून त्या अशाच मध्येच लाँचला लागायच्या. त्यांना सोडून गेलं तर आठवडाभर बाबांना बाजारातून मान वर करून चालता आलं नसतं.

होडी लागली. खलाशानं दोर टाकला. बाबा चाक सोडून कठड्याशी आले आणि ओरडायला लागले, "लवकर, लवकर! पानी चाल्लं!" बायका चढायला लागल्या. मोतीराम उठला. त्याला कोण सांगणार बस म्हणून? हातातून टोपल्या घे, पुढं सरका म्हण, म्हातारीला बाकावर जागा करून दे. "मावशी, आत चला, दारात उभ्या राहू नका!" दार कुठं होतं तिथं? पण बायका हसल्या आणि आत सरकल्या. बाबांनी एकदा वळून पाहिलं. मी बाबांचा चेहरा ओळखते. त्यांना आवडलं होतं.

शेवटची म्हातारी चढली. मोतीरामनं बाहेर डोकावून पाहिलं, कुणी राहिलं का. मग म्हणाला, "चला, झालं!" आणि त्याचा हात वर गेला. त्यानं विचारसुद्धा केला नसेल. सहा वर्षांची सवय.

ठण ठण.

मी पाहिलं. माझ्या तोंडून 'अहो' एवढंही निघेपर्यंत खाली इंजिन गुरगुरलं आणि लाँच जोरात मागं गेली. होडीचा दोर ताणून सुटला. बायका किंचाळल्या. बाबा धावत चाकाकडे गेले, तीन घंट्या बडवल्या, पण तोवर मागची बाजू गाळात शिरली होती. लाँच एकदा हलली, तिरकी झाली आणि बसली. पाणी आमच्या डोळ्यासमोर उतरत होतं.

"गोम्या!" बाबांचा आवाज धक्क्यापर्यंत गेला असेल. "मागं कुनी सांगितलं तुला?"

गोमाकाका खालून वर आले. हात तेलानं काळे. "तूच दोन मारल्यास, हसू."

"मी? माझा हात दोरीला पन नव्हता!"

"मना दोन आयकू आल्या."

"तुला आयकू आल्या! परत प्यायलास!"

सगळी लाँच ऐकत होती. गोमाकाकांनी बाबांकडे पाहिलं. कमरेचं फडकं काढलं, एकेक बोट पुसलं आणि इंजिनाच्या तोंडाशी सगळ्यांकडे पाठ करून बसले. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आणि मी? मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू? मला सगळं माहीत होतं, आणि मी गप्प बसले. एका बाजूला काकांची नोकरी, आणि नोकरीहून मोठी त्यांची चार वर्षं. दुसऱ्या बाजूला माझं लग्न. बाबांना कळलं की याच्या हातानं त्यांची लाँच गाळात गेली, तर संपलंच. बावीस वर्षांत बाबांनी लाँच गाळात घातली नव्हती. मी पदराशी चाळा करत बसले आणि स्वतःला सांगत राहिले, की थोडं थांबू, कुणीतरी बोलेल, काहीतरी होईल.

मोतीराम तिकडे जोरात होता. ज्यांना घाई होती त्यांना होडीतून धक्क्यावर सोडायचं ठरलं, तर त्यानं रांग लावली. "लेकुरवाळ्या आधी! म्हातारी माणसं नंतर! अहो दादा, तुम्ही धडधाकट, तुम्ही कुठं निघालात?" चार खेपांत लाँच जवळजवळ रिकामी झाली. सामानवाले पाच-सहाजण राहिले, आणि आम्ही. लांब धक्क्यावर पाहुण्यांना घरी न्यायला सांगून ठेवलेला टांगा उभा दिसत होता. टांगेवाला घोडा सोडून सावलीत आडवा झाला होता.

मग मोतीराम घाम पुसत माझ्याजवळ आला. लांब बसायचं आता कोण बघतंय?

"ते काका प्यायलेले वाटत नाहीत हो," तो हळूच म्हणाला. "मी जवळून गेलो. वास-बीस काही नाही."

"नाहीच प्यायले."

"मग मागं का घेतली? मी तर व्यवस्थित डबल दिली होती!"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अरे देवा. याला माहीतच नाही! तासभर मला वाटत होतं, की हा लपवतोय आणि मीही त्याच्याबरोबर लपवतेय. आणि हा आपला तक्रार करतोय, की डबल देऊनही गाडी पुढं गेली नाही! म्हणजे लपवत होते ती मी एकटीच.

"तुमची डबल म्हणजे चला," मी म्हटलं. "आमच्या दोन म्हणजे मागं."

त्याचा चेहरा पहिल्यांदा कोरा झाला. मग त्यानं वर दोरीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. मग इंजिनाच्या तोंडाशी बसलेल्या पाठीकडे.

"आता?" त्यानं विचारलं.

"सांगितलंत तर बाबा मुलगी देणार नाहीत. बाबांचा राग तुम्हाला ठाऊक नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सोमवारपासून गोमाकाका घरी. आणि गावात सगळे म्हणणार, परत प्यायला लागले."

मी त्याला सांगते आहे आणि माझं मलाच ऐकू येतंय, की किती सोपं आहे हे. त्यानं एक क्षणही घेतला नाही. शर्टाची कॉलर नीट केली, जसा रोज बस सुटायच्या आधी करायचा, आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला. हळू बोलायचं त्याला येतच नव्हतं. बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज.

"सारंगसाहेब, दोन घंट्या मी मारल्या. बसची सवय. तुमची खूण वेगळी असते हे मला ठाऊक नव्हतं. काकांचे कान चोख आहेत. त्यांनी ऐकलं ते खरं ऐकलं. लाँच मी घातली गाळात."

त्याची आई डोळे उघडून ताठ बसली. पेढ्यांचा पुडा तिनं उराशी धरला.

मला वाटलं आता बाबा मारतात. पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"तू तितंच बसली व्हतीस," ते म्हणाले. "तू पाहिलंस?"

त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. पण तो माणूस नुकताच माझ्यासमोर सगळं पणाला लावून उभा होता.

"पाहिलं."

"कधी?"

"घंटी मारली तेव्हाच."

"आनि गोम्याला मी तसं बोललो, तवा पन तुला ठावं व्हतं."

"हो, बाबा."

बाबांनी फक्त मान फिरवली. शिव्या परवडल्या असत्या. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

मग बाबा उठले. इंजिनापाशी गेले आणि गोमाकाकांसमोर खाली बसले. उकिडवे. मी बाबांना लाँचवर कुणासमोर असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"गोम्या, मी चुकलो."

काका फडक्यानं परत बोटं पुसायला लागले.

"सगळ्यांच्या पुढं बोललो. हायेत त्यांच्या पुढं आता सांगतो, गेले त्यांना धक्क्यावर सांगेन. तू दोन आयकल्यास आनि मागं घेतलीस. बरोबर केलंस. तोंड माझं सुटलं. मुनीमाला पन मीच सांगतो, गाळात मी घातली. चाक सोडून कठड्याला मी गेलतो."

"अरं ते जाऊ दे," काका म्हणाले. पण आवाज अजून बसलेला होता.

"नाय जाऊ देनार. याच्या हातानं झालं, आनि माझ्या पोरीनं तोंड मिटून घेतलं. दोघांनी तुझा अपमान बघितला. तवा आता तू सांग. पोरगी माझी, शब्द तुझा. हिला याला द्यायची का?"

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. मोतीरामच्या आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मोतीरामनं हातानंच तिला थांबवलं.

गोमाकाकांनी माझ्याकडे पाहिलं. लांब, शांतपणे. मग पाण्याकडे पाहिलं. "पानी भरू दे," ते म्हणाले. "मंग सांगतो."

आणि खाली जाऊन आडवे झाले.

मी आयुष्यात वाट पुष्कळदा पाहिली, पण त्या दुपारसारखी नाही. चिखल उघडा पडला. खेकडे बाहेर आले. बगळे येऊन लाँचच्या शेजारी चालायला लागले, आम्ही जणू नव्हतोच. मोतीराम एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. त्याची आई मात्र बरी झाली होती. लाँच हलत नव्हती म्हणून असेल. तिनं मला हाक मारली, जवळ बसवलं, आणि डबा उघडून भाकरी काढली.

"खा पोरी," ती म्हणाली. "माझा पोरगा पन्नास जनांत ओरडून बोलतो. घरात पन असाच ओरडतो. तेवढं सांगून ठेवते."

"मीही ओरडते," मी म्हटलं.

"मग बरंय."

साडेचारला पाणी परत यायला लागलं. आधी चिखलावर नुसती ओल, मग बारीक ओघळ, मग खेकडे दिसेनासे झाले. साडेपाचच्या सुमाराला लाँच एकदा डुचमळली आणि सरळ झाली. बाबा उठून चाकाशी गेले.

गोमाकाका वर आले. तोंड धुतलेलं, केस ओले. ते बाकांच्या मधून चालत आले आणि बरोबर तिथं थांबले, जिथं दुपारी मोतीराम उभा होता. हात वर केला. दोरी धरली. आणि मोतीरामकडे बघत ओढली.

ठण.

एकच.

मोतीरामनं डोळे मिटले. बिचारा! सहा वर्षं त्याच्या जगात एक घंटी म्हणजे थांब, गाडी पुढं जायची नाही. त्यानं मान खाली घातली, आईच्या हाताखाली हात घातला आणि म्हणाला, "चल आई. होडी मागवतो."

आणि मला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. बाबा चाकावरून वळून बघायला लागले, गोमाकाकांच्या मिशा हलायला लागल्या.

"अहो कंडक्टर!" मी ओरडले, अगदी त्याच्या आवाजात. "एक म्हणजे पुढं!"

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग त्याला कळलं, आणि तो असा हसला, की त्याच्या आईनं घाईघाईनं पेढ्यांचा पुडा फोडला.

"गोम्या," बाबा वरून ओरडले, "घंटी तूच मारलीस, तर इंजिन कोन चालवील? तुझा जावई?"

"हो की," काका म्हणाले. त्यांनी मोतीरामच्या पाठीत थाप घातली. पांढऱ्या शर्टावर पाच काळी बोटं उमटली. "चल रे डबल. खाली ये. शिकवतो तुला."

लग्नानंतर आम्ही मोऱ्यातच घर केलं. आजही तिथं माझ्या नवऱ्याची मोतीराम म्हणून चौकशी करा, कुणी सांगणार नाही. डबल कुठं राहतो विचारा, घरापर्यंत आणून सोडतील.

तो खाली उतरला. इंजिन सुरू झालं. लाँच गाळातून सुटली आणि वाटेला लागली. लांब धक्क्यावर टांगेवाला उठून घोडा जुंपत होता. मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांची नजर समोर, हात चाकावर.

धक्का जवळ आला तेव्हा म्हणाले, "पोरगा बरा हाय."

"हो, बाबा."

"त्याला कळल्यावर त्यानं येक घडी पन घेतली नाय. तू अख्खा तास घेतलास."

मी पदरानं डोळे पुसले.

"परत घेऊ नको, सुगंधा," बाबा म्हणाले आणि हात वर करून तीन घंट्या दिल्या. लाँच धक्क्याला लागली.

बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. परत नाही घेतला, बाबा.